गळती

डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझा पाय काढला.
जांघेतून निघालेल्या दोन रेघा गुडघ्यामागं गेल्या,
मधे एक काळा ठिपका.
म्हणाल्या, "मामा, सोपं करून सांगते. पाइपलाइन असते ना..."
मी म्हटलं, "बाई, एकतीस वर्षं महापालिकेत फिटर होतो. पाणीपुरवठा."
त्या हसल्या. पेन खाली ठेवलं.
मग आम्ही बरोबरीनं बोललो.

दिवाळीत बसवलेली प्लास्टिकची नळी
सहा महिने नीट चालली.
बिनखांबी गणपतीपर्यंत न थांबता जायचो,
बिडी सोडली म्हणून सगळ्यांना सांगत,
वाटेत दोन ओढून.
मग जांघेतला टाका ओलसर राहू लागला.
आधी पाणी, मग पू.
आणि एका पहाटे चादर गरम लागली.
आक्काताईनं दिवा लावला
आणि काही न बोलता दोन्ही हातांनी दाबून धरलं,
रिक्षा येईपर्यंत, रिक्षात, सीपीआरच्या दारापर्यंत.
तिच्या बांगड्यांचे वळ अजून आहेत मांडीवर.
उभ्या नोकरीत एवढा घट्ट व्हॉल्व्ह पाहिला नाही.

"नळीत जंतू बसलेत," बाई म्हणाल्या, "औषधानं निघत नाहीत.
काढावीच लागेल.
जिथं शिवली होती तिथली धमनीही सडलीय.
निरोगी भिंत लागेपर्यंत मागं जायचं."
हे मला कुणी शिकवायला नको.
सडक्या बिडावर क्लॅम्प धरत नाही.
शुक्रवार पेठेत नऊ फूट खणत गेलो होतो चांगल्या लोखंडासाठी,
मी आणि इलाही मुल्लाणी, कमरेइतक्या चिखलात,
आणि वरून नगरसेवक विचारतोय, अजून किती.

नवी नळी कुठली?
"तुमचीच. डाव्या पायातली शीर काढून उजव्याला.
पण उलटी करून लावायची."
उलटी का, ते मी विचारलं नाही, सांगितलं:
"आत झडपा असणार. एकाच अंगाला उघडणाऱ्या."
बाईंनी बघितलं,
नवा साहेब पहिल्यांदा जुन्या फिटरकडं बघतो तसं.
तेवढ्यावर मी सही केली.
खाली लिहिलं होतं, पाय जाऊ शकतो. जीवही.
ते आक्काताईनं वाचलं.

साडेसात तास.
त्यातलं मला काही ठाऊक नाही. नंतर कळलं,
रक्त कमी पडलं तेव्हा इलाहीचा धाकटा धावत आला;
मांडीतला एक लांब स्नायू सोडवून
त्यांनी जोडावर पांघरला.
शिंप्याचा स्नायू म्हणतात त्याला, मांडी घालून बसणाऱ्याचा.
आम्ही जोडावर गोणपाट टाकून माती ओढायचो.
दोन बोटं वाचली नाहीत.
कुठं आहेत, विचारलं.
सिस्टर म्हणाली, मामा, झोपा.

ठणकतो तो डावा पाय, ज्याला काहीच झालं नव्हतं.
त्याची समजूत काय घालणार?
एका गल्लीची लाइन काढून दुसरीला दिली
तर लोक घागरी घेऊन मोर्चा आणतात.

शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजचे गिरजाप्पा.
त्यांचा पाय गेल्या आठवड्यात गुडघ्यावरून काढला.
रात्री हाक मारतात, पोटरीला खाज सुटलीय, जरा बघा की.
मी हात लांबवून चादर खाजवतो.
"हां, तिथंच," म्हणतात.

काल रात्री दोनला बाई आल्या.
हातात पेनासारखं यंत्र. घोट्यावर थंडगार जेल.
नुसती खरखर.
जरा सरकवलं. खरखर.
आक्काताई पदराचा काठ मोजत बसलेली.
मी म्हटलं, "थांबा. दाबू नका. दाबलं की आवाज मरतो."
रात्री दोनलाच ऐकायचो आम्ही, गाव निजल्यावर,
सळईचं एक टोक रस्त्यावर, एक कानाला,
मंगळवार पेठेखालनं कुठं पाणी चाललंय.
तेव्हा आवाज म्हणजे वाईट बातमी.

बाईंनी हात सैल केला.

हुश्श.
हुश्श.
हुश्श.

गिरजाप्पा खाटेवर उठून बसले.
"पाणी आलं काय?"